ओठावरची खूण

उद्यमबागेतल्या फाउंड्रीनं एकतीस वर्षांत
माझे दोन्ही कान नेले,
म्हणून मष्णू नदीवर माझ्याशी बोलतो
कोपरावर बोट आपटून.
एकदा: थांबा.
दोनदा: ओढा.
तीनदा म्हणजे, साहेब, तुमची सावली पाण्यावर पडलीय,
मागं सरा.
बाकीचं मी त्याच्या ओठांवरून वाचतो,
तोंडात तंबाखू नसेल तेव्हा.

दिवसाचे सहाशे, आणि खानापूर स्टँडवरचा नाश्ता.
पहिली फेरी दिवाळीनंतर,
मलप्रभा गाळ खाली टाकते
आणि तळातले गोटे मोजता येतात तेव्हा.
नाचणीचं पीठ तो खडकावरच शिजवतो.
त्यात गूळ, बडीशेप,
आणखी एक काहीतरी, जे बायकोलाही सांगितलेलं नाही.
गोळा लिंबाएवढा. जास्त मळला तर फेकून देतो.
"हाताचा वास लागला की ती येत नाही."

ती म्हणजे खडस.
पलीकडच्या काठावरून वॉचमन बसगौडा
तिला बिळी मीनू म्हणतो,
आणि दोघांचं यावरून दरवर्षी एकदा भांडण होतं,
विडी विझेपर्यंत.
मग मष्णूच म्हणतो,
गळाला लागली की दोन्ही भाषांत सारखीच ओढती.

डिसेंबरात धुकं इतकं
की माझ्याच काठीचं टोक मला दिसत नव्हतं.
तीन तास एक टिचकी.
थांबा. थांबा.
माझे पाय गुडघ्याखाली कुणा दुसऱ्याचे झाले.
मग दोन.
रीळ असं सुटलं की अंगठ्याची साल गेली,
आणि मी ओरडलो असणार,
कारण पलीकडे बसगौडा उठून उभा राहिला.

वजन केलं नाही. मष्णू काटा ठेवत नाही.
पितळी घागरीसारखी पाठ,
खवला माझ्या घड्याळाच्या तबकडीएवढा.
त्यानं गळ काढला, वरच्या ओठाला थोडी चीर पडली,
आणि तिला माझ्या हातांत दिलं
पाण्याखालीच,
तोंड प्रवाहाकडे धरून.
"घाई नको. तिला तिचा दम घेऊ दे."
तिचे कल्ले माझ्या तळव्यात उघडमीट करत राहिले.
मी मोजत होतो. चाळीसपर्यंत आलो होतो
तेव्हा हात रिकामे होते.

एप्रिलात फोन केला तर मुलगी बोलली,
म्हणजे माझ्या नातवानं ऐकलं आणि लिहून दाखवलं:
बाबा येत नाहीत म्हणे.
डोह कोंडलेत. कोंडलेल्यावर गळ टाकत नाहीत.
मे संपता संपता तिचाच मेसेज:
जांभळं पडूलीत, या.
झाडाखाली पाणी जांभळं,
आणि एकेक फळ टपकलं की खालून एक तोंड.
गोळा नाही, गूळ नाही,
गळाला नुसतं जांभूळ.
दिवसभरात काही लागलं नाही.
माझी जीभ मात्र दोन दिवस निळी.

आणि जुलैत त्यानंच बोलावलं,
वर, जांबोटीच्या बाजूला.
"काठी घरी ठेवा."
ओल्या कातळावर आम्ही पालथे झालो.
नदी मला ऐकू येत नाही,
पण तो दगड छातीखाली
आमच्या जुन्या भट्टीसारखा थरथरत होता.
लाल पाणी. पाण्यात फेस.
फेसात एक काळी पाठ, मग तीन, मग मोजणं सोडलं.
वर चढायचं, पडायचं,
खडकाच्या आडोशाला टेकायचं,
पुन्हा.

एक अगदी जवळ टेकली.
वरच्या ओठाला पांढरी रेघ.
मी मष्णूच्या कोपरावर दोन टिचक्या मारल्या.
त्यानं बघितलं,
पावसातच तंबाखू थुंकली
आणि ओठ नीट हलवून सांगितलं,
"तीच असंल असं नव्हं, साहेब.
ह्या नदीत पुष्कळांच्या तोंडाला गळ लागलाय."

ती गेली वर. किंवा तिच्यामागची गेली.

परतताना स्टँडवर चहा झाला.
मी आपला उठलो,
तर कोपरावर एक टिचकी.
थांबा.
मष्णूनं हात पुढं केला.
"सहाशे."
आज तर काठीसुद्धा नव्हती, मी म्हणालो.
"बघायचे पण तेवढेच," तो म्हणाला.