उतरता भाव

बुरेलाच्या मासळीबाजारात पहाटे पाचला
माझा बाप आकडे म्हणायचा, वरून खाली,
बारा, साडेअकरा, अकरा,
रोजचा जिना उतरावा तसे, न अडखळता.
हात वर करणं हा नवशिक्यांचा प्रकार.
सेव्हेरिनो कानाची पाळी चिमटीत धरायचा.
लुगोचा व्यापारी दातकोरणं डावीकडून उजवीकडे न्यायचा.
एक जण तर नुसता श्वास रोखायचा म्हणे,
आणि बाप: "दिलं!"
तीस वर्षांत एकदाही चुकला नाही.
वीस पावलांवरची भुवई त्याला ऐकू यायची.

घरी आई ताटली ठेवायची.
ठेवण्याचे चार प्रकार होते,
मला आणि बहिणीला सहाव्या वर्षीच पाठ.
त्यावरून आम्ही ठरवायचो
आज शाळेतलं सांगायचं की नाही.
बाप पावाने रस्सा पुसत म्हणायचा,
"तोंडाने बोललीस तर कळेल ना, ओब्दूलिया.
बायकांचं ते तसलं आपल्याला नाही जमत."
आई माझ्याकडे बघायची. बस, बघायची.

एकदा सान्तियागोहून कुणी विद्यार्थिनी आली
चेहऱ्यांचे फोटो घेऊन.
ओळखा: राग की भीती, कंटाळा की दुःख.
आईला वीसपैकी अठरा. बापाला अकरा.
पोरगी वहीत लिहिताना म्हणाली, बहुतेक असंच येतं.
"येणारच," आई हात पुसत म्हणाली,
"ज्याला कपडे वाळत घालायचे असतात
त्याला ढग कळतात."
बाप म्हणाला, "त्या फोटोतल्यांना
काही विकत घ्यायचं नव्हतं."

मग फेब्रुवारीतला तो मंगळवार.
तारलीची शेवटची पेटी, पोटं फुटलेली, कुणालाच नको.
चार, साडेतीन, तीन,
खांबामागे कुणाच्या तरी शालीचं टोक
बोटभर सरकलं.
"दिलं!" म्हणून बापाने कानावरची पेन्सिल काढली
आणि नाव लिहायला मान वर केली.

आई होती.
पाऊण तास उभी होती तिथं, माझे रबरी बूट घालून.

ते नाव लिहायला त्याला फार वेळ लागला.
बाकीचे पुरुष आपापल्या पायांकडे बघत राहिले.
सगळ्यांना सगळं कळलं होतं.

तारल्या मांजरांनी खाल्ल्या.
त्यावर घरात एक शब्द निघाला नाही.
फक्त आताशा ताटली टेबलावर टेकली
की बापाचा घास मध्येच थांबतो.
"काय म्हणालीस?" विचारतो.

कधी कधी चुकतो.
ती नुसती ताटली असते.