हिरव्या पुठ्ठ्याची वही

मिठबावच्या कॅनिंगमध्ये मे महिन्यात
बॉयलर झोपत नाही.
आंबा उकळतो, डबे बंद होतात,
आणि धुराचा हिशोब मी ठेवते
वेगळ्या वहीत, हिरव्या पुठ्ठ्याच्या.

साहेब म्हणाले, झाडं लावू या. अकेशिया नको,
आपली, इथली.
नर्सरीत गुलमोहर होता.

शेवटी जानू वरकला बोलावलं.
वीस वर्षं त्याच्याच लाकडावर पेटला बॉयलर;
पावत्या माझ्या हातच्या, टनाच्या दराने.
तो सड्यावरून पुढे, कमरेच्या आकडीत कोयता,
मी मागे.
"हयसर किंजळ होतो.
थयसर ऐन, दोघांच्या कवेत मावाचो नाय."
घळीत उतरून त्याने पाला बाजूला केला:
बुंध्याला फुटवे, आणि खाली
बोटभर उंचीचं एक रोप.
मातीसकट उचललं, टोपीत ठेवलं,
डोकं उन्हात.

वहीत रकाने आहेत: जात, संख्या, तारीख.
कोणी ओळखलं, याला रकाना नाही.
समासात मी लिहिलं, जानू वरक.
मग जुनी पावत्यांची फाईल उघडली.
तेच नाव, तेच माझं वळणदार अक्षर,
फक्त तिथे झाडांना जात नव्हती,
वजन होतं.