शेरा

माझ्या टेबलावर एक फूल आहे, बावन्न वर्षांचं.
दाबून वाळवलेलं, चहाच्या डागासारखं.
खाली पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलंय:
वाडी, उत्तरेचा उतार, फेब्रुवारी.

वाडी म्हणजे इथं, रास अल खैमात, कोरडी नदी.
पहिल्या वर्षी मला मात्र शब्द ऐकला की घरं दिसायची,
नारळाच्या झावळ्या, कुणाच्या तरी रेडिओचा आवाज.
आता नुसते दगडगोटे दिसतात.

तीन हिवाळे आम्ही गुडघे टेकून शोधलं.
अर्धा उतार खडीच्या खाणीनं नेला,
उरलेल्यावर शेळ्या.
शेळ्यांना नावं ठेवू नका, म्हणाली म्हातारी शम्सा,
तुमच्या कागदांच्या आधीपासून त्या इथं चरतायत.
फोटो तिनं डोळ्यांपासून लांब धरला, मग अगदी जवळ.
हे? पाऊस झाला की सगळं जांभळं व्हायचं.
आम्ही पोरी देठ चघळायचो,
जीभ संध्याकाळपर्यंत आंबट.

नाव काय म्हणायचात?
ती बराच वेळ गप्प.
हाक कशाला मारायची त्याला, ते असायचंच.

आज डॉक्टर मर्वान म्हणाले, परकार, शेरा भरून टाक.
जगातून नाही, फक्त या प्रदेशातून नष्ट.
समुद्रापलीकडच्या डोंगरात ते अजून फुलतं म्हणे.
(गावच्या मतदारयादीत माझ्यापुढेही
असंच काहीसं लिहिलंय, भाऊ सांगत होता.)

आमच्या भाषेत याला नामशेष म्हणतात,
नाव तेवढं मागे राहिलेलं.
पण ज्याला इथं कुणी नावच ठेवलं नाही
त्याचं काय शेष धरायचं?
लॅटिनमधलं आहे एक, लांबलचक.
ते शम्साच्या तोंडात बसत नाही,
माझ्याही नाही.

शेवटचं कधी दिसलं, हा रकाना अडला.
मी लिहिलं: शम्सा, वय आठ-नऊ,
चांगला पाऊस झाला ते वर्ष.
पुरावा: जीभ.
संगणकानं लाल चौकट दाखवली,
तारीख हवी, आकड्यांत.
मी पेन्सिलीतली तारीख टाकली.
त्यानं मुकाट घेतली.

साडेपाचला सगळे दिवे घालवतो,
कुलूप लावतो.
एसी मात्र चालूच ठेवायचा, रात्रंदिवस, अठरावर,
नाहीतर कागदाला कसर लागते.
बाहेर सत्तेचाळीस आहे.
इतक्या उन्हात ते कित्येक उन्हाळे
मातीत नुसतं पडून राहायचं,
कुणी काही चालू न ठेवता.