खिळा धरेल का

ट्रक मागे घेताना पोट्टं ओरडलं, येऊ दे, येऊ दे,
आणि बेलतरोडीच्या साइटवर पहिल्यांदा
फिकट ठोकळे उतरले.
खडूसारखे, पण उशीएवढे.
मी सवयीने चुंबळ ठेवली, मान घट्ट केली,
उचलला तर हात उगाच वर गेला,
भरलेली समजून रिकामी कळशी उचलावी तसा.

गेंदलाल मिस्त्री हसला.
"कौतिकाबाई, राख आहे हे. कोराडीची.
राख, चुना, सिमेंट, अन् चिमूटभर अ‍ॅल्युमिनियमची भुकटी.
इडलीच्या पिठावानी फुगते,
मग तारेनं कापतात, वाफेत शिजवतात."

कोराडीची राख.
मला काय सांगता, मिस्त्री.
माझं माहेर चिमण्यांच्या अंगणातलं.
उन्हाळ्यात कुरडया वाळत घातल्या
की संध्याकाळी करड्या व्हायच्या.
माय फुंकून फुंकून काढायची,
मग म्हणायची, जाऊ दे, तळल्यावर काय दिसते.
तुरीच्या पानावर राख, म्हशीच्या पाठीवर राख,
ओट्यावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी.
मी लिहायची. तेवढंच माझं लिहिणं.

वीट मला माहीत होती तिच्या तापासकट.
कन्हानच्या काठी भट्ट्यावर दोन हंगाम काढले.
चिखल तुडवला, साचा आपटला,
कोणाचं तरी शेत आधी हातभर,
मग कमरभर खोल जाताना पाहिलं.
पक्की वीट वाजवली की खणखणायची.
तिला आधी हौदात बुडवायचं.
बुडबुडे सोडत पाणी प्यायची,
तहान भागली की मगच भिंतीत बसायची.
डोक्यावर नऊ. मुकादम पाहत असला तर अकरा.
चार मजले.

या ठोकळ्याला तहान नाही.
वरवर शिंपडायचं,
चिकटा लावायचा भाकरीच्या पापुद्र्याएवढा.
आठ-नऊ विटांची जागा एकटाच खातो.
दुपारी मिस्त्रीच्या पोराने तुकडा हौदात टाकला.
तरंगला.
सगळ्यांनी हातातली भाकर तशीच धरून पाहिलं.
भिंत तरंगते म्हणजे काय, बाप्पा!

मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत,
विटेच्या भिंतीला टेकलं तर
रात्री अकरालाही पाठ भाजते.
हिला टेकले. कोमट.
कूलर सुटेल असं नाही, नागपूर आहे हे,
पण जरा दमाने फिरेल.

मान हलकी झाली हे खरं.
आम्ही सहा रेजा होतो,
पोळ्यापर्यंत तिघी उरलो, हेही खरं.
फुलवंता आणि जसोदा बुटीबोरीकडे गेल्या,
सगुणा कुठे गेली ते कळलं नाही.
जाताना चुंबळ माझ्याकडे ठेवून गेली.
राग तरी कोणावर काढायचा?
या ठोकळ्याचं अंगच सगळं भोकाभोकाचं,
मुंग्यांनी सोडलेल्या वारुळासारखं.

दिवाळीआधी फ्लॅट बघायला खोब्रागडे मॅडम आल्या.
मेडिकलमध्ये सिस्टर आहेत.
अर्ध्या पगाराचा हप्ता जाईल, म्हणाल्या, आपणहून.
भिंतीवर बोटं वाजवली. आवाज ठप्प.
"खिळा धरेल का हो?
माझ्या वडलांचा फोटो लावायचाय. मोठा आहे, काचेचा."
"हातोडीनं नाही, मॅडम," गेंदलाल म्हणाला,
"ड्रिल करून, लांब प्लग टाकून. मग धरते."
"नक्की?"
त्याने माझ्याकडे पाहिलं,
जसं काही राख मीच पुरवली.
"धरते," मी म्हणाले.

त्या गॅलरी बघायला गेल्या.
मी भिंतीवरून हात फिरवला.
तळव्याला भुकटी लागली. ओळखीची.
फुंकणार होते, नाही फुंकली.
गिलावा सोमवारी होता.
खाली पडलेला एक खिळा उचलला,
आणि दाराआडच्या ठोकळ्यावर,
फोटो लागणार त्याच्या जरा खाली,
"कौ" एवढं कोरलं.
किती सहज कोरता येतं याच्यावर!
"ति" काढायला घेतला
तोच खालून मुकादमाची हाक आली.