टक्

वाघझिऱ्याच्या पुढे डांबर संपतं
आणि गाडी बोलायला लागते.
छपरावर हातपंपाचे पाइप, मागे साखळी, पाने,
वॉशरांचा डबा, दोन मदतनीस,
एक कोंबडी, कुणाची ते कुणी सांगत नाही.
एवढ्या खडखडाटात
एक टक् निराळा होता.
डाव्या चाकाशी. दगडावरून उतरताना. चढताना नाही.

आठ दिवस मी टेपचा आवाज वाढवत राहिलो.

यावलला रुबाब तडवींनी आवाज ऐकलाच नाही,
आधी टायर पाहिला.
आतली कड गुळगुळीत, बाहेरची नक्षी शाबूत.
"किती दिस झाले?"
"परवापासून."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टायरकडे पाहिलं
आणि टायरवर विश्वास ठेवला.

जॅक चेसीला नाही, खालच्या आर्मखाली.
"चेसीले लावला त स्प्रिंग दाबून धरते,
खेळ लपवते."
चाक चार बोटं अधांतरी.
त्याच्याखाली टॉमी घालून उचलली
आणि माझा पंजा ओढून सांध्यावर ठेवला:
"आइक. कानानं न्हाई."

तांदळाच्या दाण्याएवढी पोकळी.
तिच्यावर गेल्या मंगळवारी
मी तीस पाइप नि पाच माणसं
सुकीच्या पात्रातून पलीकडे नेली होती.

रबराचा बूट फाटलेला. आत नदी शिरलेली,
ग्रीसचा राखाडी काला, त्यात वाळू.

दुकानात दोन खोकी.
एक चकचकीत, कायमचं बंद,
आयुष्यभर तेल-ग्रीस नको, साडेतीनशे.
दुसरं साधं, तळाशी निप्पल, सातशे ऐंशी.
माझा हात पहिल्याकडे गेला.
न सांभाळता टिकणारी वस्तू कुणाला नको असते?
मिस्त्री म्हणाले, "तुही गाडी पान्यात जाते.
ज्याले तोंड न्हाई
त्याले खाऊ कसं घालशीन?"
मग जुन्याशेजारी नवा धरून
दांड्याचा उतार बोटानं मोजला,
बूट चिमटीत ताणून सोडला, पुन्हा ताणला.
दुकानदार कंटाळला. मीही.

"वरचे दोन राहू दे, ते निस्ते सरळ धरतात.
भार खालचे झेलतात. दोन्ही बाजूंचे बदल.
एकच बदलला त दुसरा रुसते."

जुना निघेना. नकलच्या दोन अंगांना
दोन हातोडे एकदम.
तिसऱ्या घावाला सुटला
आणि गॅरेजातलं पोरगं उगाच हसलं.
नट आवळला, पिन नवी घातली.
जुनी वाकडी पिन माझ्या खिशात टाकून म्हणाले,
"हीच परत कुनी लावली त मले सांगजो."
मग ग्रीसगन माझ्याच हातात.
"बूट जरासा फुगला का थांब.
फुटेस्तोर माया नको."

चाकांची दिशा फैजपूरला बघून घेतली,
आणि दुसऱ्या दिवशी जामन्याला.
सगळी वाट मी त्या टक् ची वाट बघत होतो.
नव्हता. कोंबडी मात्र होती.

पंपापाशी रेमलीबाई पावरा
दांडा वरखाली करून दाखवत होती. पाणी नाही,
वरच्या पिनेपाशी आवाज.
"हा पन टक् करतो," ती म्हणाली.
"चार महिने झाले. कागद दिला होता."
मी "परवाच मिळाला" म्हणणार होतो.
तिनं पंपाकडे पाहिलं नाही,
माझ्याकडेच पाहत राहिली.

मी डबा उघडला.

आता प्रत्येक नदीनंतर
सीटखालची ग्रीसगन काढतो,
फडक्यानं निप्पल पुसतो, मग दोन दाब,
चिखलात पाठ टेकवून.
मदतनीस तोवर बिडी ओढून घेतात.

जुना बॉल जॉइंट काचेपाशी ठेवलाय.
नवा वळवायला दोन्ही हात लागले होते,
हा एका बोटानं फिरतो,
हवा तिकडे, अगदी अलगद.
नवं कुणी गाडीत बसलं की
हमखास तो उचलतं,
फिरवून बघतं
आणि म्हणतं, किती छान चालतोय की अजून.