आलो

आमच्या गावात पोरी पण आलो म्हणतात.
मी आलो, मी जेवलो, मी जातो गं आता.
पुण्याची मावसबहीण हसते. हसू दे.
आईनं नर्सिंगच्या वर्गातसुद्धा हे सोडलं नाही.

पण रविवारी दगडी चर्चच्या आवारात
गाडीबरोबर हे बोलणंही बाहेर लावून यायचं.
आत गीतांचं पुस्तक, पाठीला डिंक लावलेलं,
आत तव आणि मम,
आणि पायपेटी, जिचा एक सूर दाबला की उठत नाही.
सात वर्षं मी तो सूर टाळत वाजवत आलो.

पाळकसाहेब म्हणतात, पाचारण.
हा शब्द मी दुसरीकडं कुठं ऐकला नाही,
ना पापाच्या तिकटीला, ना मंडईत.
आमच्याकडं हाक म्हणतात.
हाक म्हणजे, यमीमा, दूध उतू चाललंय.
हाक म्हणजे कावळा नाक्यावरचा कंडक्टर.
शमुवेलाला रात्री हाक आली तेव्हा
तो तीनदा चुकीच्या माणसाकडं धावला,
त्या गोष्टीत मला हेच सगळ्यात आवडतं.

मीही धावलो.
एकदा बी.कॉम.कडं.
एकदा ऑर्केस्ट्राकडं, जिथं लग्नात
मागं उभं राहून आ-आ करायचं
आणि गार मसालेभात खाऊन बारा वाजता घरी.
तिसऱ्यांदा कुठं, ते अजून घरात सांगितलेलं नाही.

नाताळाआधीचा आठवडा. आईची नाइट.
मी डबा घेऊन बायकांच्या वॉर्डात गेलो,
भाकरी, खरडा, वांग्याचं.
अकरा नंबरला गगनबावड्याची हौसाक्का,
छातीत पाणी, डोळ्याला डोळा नाही.
"सिस्टरची पोरगी नव्हं तू? गातीस म्हणं.
म्हण की कायतरी."

दोनशे गीतं पाठ, एक तोंडात येईना.
तव आणि मम त्या खाटेपर्यंत पोचलेच नसते,
जिना चढून दमलेल्या पाहुण्यांसारखे
दारातच टेकले असते.
मग समोर होतं तेच म्हटलं, हळू:

नळ टपकतोय, देवा, मी आलो
सलाईन थेंब थेंब, मी आलो
डबा निवला, उशीर झाला
हात पुसायचे राहिले, तसाच आलो

चाल कुठनं आली म्हणाल तर तिच्या श्वासातनं.
तो अडायचा तिथं मी थांबायचो.

"ह्ये द्येवाचं हाय व्हय? का तुझं?"
म्हटलं, माहीत नाही.
"मग परत म्हण."

पहाटे आईनं काही विचारलं नाही.
तापाच्या तक्त्याचा एक कोरा कागद
माझ्याकडं सरकवला, वर पेन.

बाबा उद्यमनगरात ओतकाम करतात.
त्यांना म्हणून दाखवायला गेलो तर म्हणाले,
"राहू दे अजून. साचा गरम असताना उघडला
की माल वाकतो."
चार दिवस राहू दिलं.

पाळकसाहेबांनी तांबड्या पेनानं एकच दुरुस्ती केली.
आलो खोडून आले.
जिथं जिथं होतं तिथं. अक्षर सुरेख आहे त्यांचं.
"देवापुढं नीट बोलावं, यमीमा."
ते चांगले आहेत. बाप्तिस्म्याला मला त्यांनीच धरलं होतं,
तेव्हा मी म्हणे फार रडलो.

नाताळाच्या संध्याकाळी पायपेटीपाशी बसलो नाही.
गिटार, लक्ष्मीपुरीतनं जुनी घेतलेली,
एक खुंटी दुसऱ्याच रंगाची.
पहिल्या ओळीला आले म्हणून पाहिलं.
खरंच पाहिलं.
घशात मावसबहीण उभी राहिली, ओढणी सावरत.

बोटं तारांवर तशीच. पंखा ऐकू येत होता.
मग श्वास घेतला, हौसाक्का घ्यायची तसा, तुटका,
आणि म्हटलं, आलो.

पुढच्या बाकावर हनोखकाका, कान गेलेले,
त्यांना वाटलं दारात कुणी आलंय.
मागं न बघताच मोठ्यानं म्हणाले,
"ये की मग."