उत्तर विभाग, नोंद सत्तेचाळीस

मनोरीची होडी धरून आम्ही दोघं गेलो,
मी आणि फितीचं दुसरं टोक धरणारा विश्राम लोखंडे.
पिशवीत ओळंबा, खडू, दोघांचे डबे
आणि छापील तक्ते: उत्तर विभागातल्या
मध्ययुगीन गढ्या व चर्चेस,
एका वास्तूला एक पान.

गढी आधी घेतली.
उरलाय एकच बुरूज, खाडीकडे तोंड करून.
जंगीला डोळा लावला की पलीकडचं पाणी बोटभर दिसतं,
तेवढ्यातच कधीकाळी कुणाचं गलबत यायचं असणार.
तटावर बोंबील वाळत होते.
एक बाई म्हणाली, मोजा, पण सावली पाडू नका.
आम्ही वाकून मोजलं. चौदा मीटर वीस.
विश्राम आकडे ओरडून सांगतो,
मी हाताच्या अंतरावर असले तरी.

मग इगर्ज.
छप्पर नाही. कुणी म्हणतं वाऱ्यानं नेलं,
कुणी म्हणतं कौलं गावातच आहेत, ओळखून दाखवा.
वेदीच्या जागी उंबर.
उत्तरेच्या भिंतीत एक दगड उलटा बसलाय,
त्यावर कमळ: देठ वर, पाकळ्या खाली.
कुठल्या देवळाचा, ते दगड सांगत नाही,
उलटा का, ते गवंडी सांगून गेला नाही.
चुन्यात शिंपले आहेत, अख्खे.
आणि खांद्याच्या उंचीवर
ओल्या गिलाव्यात कधीतरी टेकलेला एक अंगठा.
माझ्याहून लहान.
मी त्याचं माप लिहिलं,
आणि खोडलं.

पायरीवर मनवेल कोरिया बसला होता, जाळं शिवत.
"चावी माझ्याकडं असते," म्हणाला.
मी दाराकडे पाहिलं.
दोन खांब, अर्धी कमान,
मधून एक शेळी आत गेली.
"दार नाय तं काय झालं. चावी हाय ना."
पण आज तीही त्याच्याकडे नव्हती.
रात्री लुर्दीनच्या पोरीला फेफरं आलं,
चावी तिच्या मुठीत दिली, ती अजून तिकडंच.
त्याच्या बापाच्या वेळेपासून असंच आहे:
ज्याच्या घरी कुणी पडतं,
त्याच्या घरी इगर्जीची चावी जाते,
भर रात्री, कंदील घेऊन, आता मोबाईलच्या उजेडात.
"लोखंड थंड असतं ना," एवढंच तो म्हणाला
आणि दातांनी दोरा तोडला.

फीत सैल पडली होती.
विश्राम म्हणाला, "कुठलं घर?"
म्हणाला, "नोंदीला लागेल, मी आणतो,"
आणि फितीचं टोक उंबराच्या मुळाशी ठेवून निघाला.

तासभर मी एकटीनं काय मोजणार?
बसून राहिले, आणि आठवत गेलं:
घोडबंदरला तो झाडामागे गेला होता, बराच वेळ,
आल्यावर सदऱ्याला माती.
एकदा ओठाला रक्त. दाढ दुखते, म्हणाला.
शिडीवर चढायचं काम तो नेहमी माझ्यावर टाकतो,
आणि मी सात वर्षं समजत आले
की हा आळशी आहे.

तो आला तेव्हा ऊन कमानीच्या अर्ध्यात होतं.
चावी उजव्या मुठीत.
"लिहा," म्हणाला. या वेळी ओरडला नाही.
मी हात पुढे केला. त्यानं मूठ पुढे केली,
उघडली नाही.
मनवेल जाळ्यातून वर बघत नव्हता.

तेव्हा मुठीबाहेर आलेला भाग मी मोजला,
कडी आणि थोडी दांडी: अकरा सेंटिमीटर.
दाते आत होते, ते अंदाजानं.

'सद्यस्थितीत वापर' या रकान्यात
सकाळीच मी 'नाही' लिहून ठेवलं होतं.
खोडरबर पिशवीच्या तळाशी,
डब्यांच्या खाली. शोधत बसले.
खाडीवरून होडीवाल्याची हाक आली,
शेवटची फेरी.
विश्राम म्हणाला, "थांबा जरा. ही द्यायची आहे परत."
आणि थांबला तोच.